मिजेटपासून स्टॉक कारपर्यंत : सांगली-साताऱ्यातून आयरेसिंग चालवणाऱ्यांसाठी

आयरेसिंग ही संगणकावर, इंटरनेटवरून खऱ्या माणसांशी गाड्यांची शर्यत खेळायची सेवा. तिचं सभासदत्व घेतलं की आपल्याकडची बहुतेक मंडळी थेट फॉर्म्युला नाहीतर जीटी गाड्यांकडे वळतात. त्यात वावगं काही नाही. पण या सेवेतलं सगळ्यात कसदार आणि पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त शिकवणारं प्रकरण म्हणजे मातीच्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवरची मिजेट. उघड्या चाकांची, जेमतेम चारशे किलोची ही गाडी. तिच्यातून उतरून साडेचौदाशे किलोच्या स्टॉक कारमध्ये, म्हणजे साध्या गाडीसारख्या दिसणाऱ्या बंद रेसिंग कारमध्ये, बसायचं, ही अमेरिकेतली जुनी मळलेली वाट आहे. सांगली, मिरज किंवा साताऱ्यात घरी बसून त्या वाटेवर चालायचं तर काय लागतं, काय हाती लागतं आणि गाडं कुठे अडतं, तेवढंच इथे बघू.

वाट समजून घ्यायला टोनी स्टुअर्टची कारकीर्द सोयीची. जन्म १९७१चा, इंडियानातल्या कोलंबसचा. कार्टिंगमधून वर आला, १९९४ला युसॅक या अमेरिकन रेसिंग संघटनेचा राष्ट्रीय मिजेट विजेता झाला आणि १९९५ला तिच्या मिजेट, स्प्रिंट व सिल्व्हर क्राउन या तिन्ही गटांची विजेतेपदं एकाच मोसमात घेतली. त्याच्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. मग १९९६-९७ची इंडी रेसिंग लीग ही उघड्या चाकांच्या गाड्यांची मालिका जिंकली. १९९९ला जो गिब्जच्या संघातून नॅस्कार या स्टॉक कार संघटनेच्या सर्वोच्च मालिकेत आला आणि पहिल्याच वर्षी तीन शर्यती मारल्या. २००१ला एकाच दिवशी इंडियानापोलिसची ५०० मैलांची आणि शार्लटची ६०० मैलांची शर्यत धावला. एकही फेरी न गमावता ११०० मैल, इंडियानापोलिसला सहावा आणि शार्लटला तिसरा. नॅस्कारची विजेतेपदं २००२, २००५ आणि २०११ अशी तीन, एकूण विजय ४९. एवढं सगळं करून गडी मातीत परत येतच राहिला. २००२ आणि २००७ला टल्साची चिली बोल ही मिजेटची शर्यत जिंकली, आणि २००४ला तर ओहायोतला एल्डोरा हा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅकच विकत घेतला. त्याच्याआधी जेफ गॉर्डन याच वाटेने गेला होता, १९९०चा युसॅक मिजेट विजेता. नंतर क्रिस्टोफर बेल आला, २०१३चा मिजेट विजेता आणि २०१७ ते २०१९ सलग तीन वेळा चिली बोल मारणारा. एवढी माणसं एकाच वाटेने वर जातात तेव्हा त्या गाडीत काहीतरी असतंच.

आयरेसिंगमध्ये परवान्याची रचनाही या वाटेला धरूनच आहे. मातीचा ओव्हल आणि डांबरी ओव्हल यांचे परवाने वेगळे, दोन्हीकडे सुरुवात रूकी, म्हणजे नवख्याच्या पायरीपासून. म्हणजे मातीवर कितीही वर चढलात तरी स्टॉक कारकडे गेल्यावर पुन्हा पहिली इयत्ता. रूकीतून त्याच्या वरच्या डी वर्गात जायला सेफ्टी रेटिंग (किती स्वच्छ चालवता याचा आकडा) ३.०च्या वर न्यायचं आणि ठरलेल्या किमान शर्यती पूर्ण करायच्या, की बढती लगेच मिळते. पुढच्या पायऱ्यांवर ४.० गाठलं तर लगेच, नाहीतर बारा आठवड्यांचा मोसम संपताना ३.०च्या वर असावं लागतं. मिजेटच्या अधिकृत शर्यती रूकीला सुरुवातीलाच खुल्या नसतात. आधी सभासदत्वात मिळणारी डर्ट स्ट्रीट स्टॉक चालवा. गाडी जड आणि सुस्त आहे, पण चूक पोटात घालते. मातीवर जोराच्या धडकेला दोनच इन्सिडेंट पॉइंट (चुकीचे दंड-गुण) बसतात, डांबरावर चार. त्यामुळे मातीचा परवाना वर न्यायला तुलनेने सोपा.

आता मिजेट. खऱ्या गाडीचं वजन सुमारे ९०० पौंड, इंजिन चार सिलिंडरचं, इंधन मेथॅनॉल, ताकद ३०० ते ४०० अश्वशक्ती. स्टार्टर नाही, क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. मागून ट्रक ढकलतो आणि गाडी सुरू होते. आयरेसिंगमध्ये ढकलण्याची पायरी वगळली आहे, पण गिअर इथेही बदलायचा नाही. हातात स्टीअरिंग, पायाखाली थ्रॉटल आणि ब्रेक, संपलं. मागचा एक्सल सलग, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, आणि मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मोठ्या घेराचं. याला स्टॅगर म्हणतात. एक्सलच्या एका फेऱ्यात उजवं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून थ्रॉटल दिला की गाडी आपसूक डावीकडे वळायला बघते. हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय ती हाताला लागत नाही. सरळ भागावरसुद्धा स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं. नव्या माणसाला वाटतं कॅलिब्रेशन बिघडलं, आणि तो सेटिंग्ज उसकटत बसतो.

वळण घ्यायची रीत अशी. वळणाआधी थ्रॉटल सोडा, पण पूर्ण नाही. थोडा राहू द्या, नाहीतर वजन एकदम पुढे येतं आणि शेपूट झपकन फिरते. स्टीअरिंगला डावीकडे एक छोटा झटका द्या. मागचा भाग सुटू लागला की लगेच उजवीकडे काउंटर द्या, म्हणजे स्टीअरिंग वळणाच्या उलट फिरवा, आणि त्याच क्षणी थ्रॉटल वाढवा. इथून पुढे गाडी हाताने नाही, उजव्या पायाने वळते. थ्रॉटल वाढवला तर नाक आत येतं, कमी केला तर गाडी सरळ होऊन बाहेर जाते. बहुतेकांचा घोळ नेमका इथे होतो: गाडी फिरतेय असं वाटलं की रस्त्यावरच्या सवयीने पाय पूर्ण उचलतात. पाय उचलला की मागच्या चाकांना अचानक पकड मिळते, काउंटर दिलेलं स्टीअरिंग उजवीकडेच असतं, आणि गाडी तशीच थेट भिंतीकडे उसळते. पाय अर्धाच उचलायचा आणि स्टीअरिंग त्याच वेगाने सरळ आणायचं. एवढं एक जमलं की निम्मं काम झालं.

ट्रॅक बदलतो, आणि या सेवेची खरी कमाल त्यात आहे. २०१७ला मातीचे ट्रॅक आले तेव्हापासून माती फेरीगणिक बदलताना दिसते. सुरुवातीला ओलसर, गडद माती, तालमीतल्या हौद्यासारखी. तिच्यावर चाक धरतं आणि थ्रॉटल जवळजवळ पूर्ण दाबता येतो. गाड्या फिरल्या की आतली ओळ सुकते, घासून गुळगुळीत होते आणि चमकू लागते. हा स्लिक. सुटलेली माती बाहेर फेकली जाऊन वरच्या बाजूला तिचा बांध तयार होतो, तो कुशन. शर्यतीच्या उत्तरार्धात पकड एक तर त्या बांधावर असते नाहीतर अगदी तळाशी, जिथे अजून कुणी फारसं फिरलेलं नाही. कुशनवर गाडी टेकवायची ती मागच्या उजव्या चाकाने. पुढचं उजवं चाक आधी त्यात रुतलं तर मिजेट कोलांटी खाते, आणि पुढच्या-मागच्या चाकांत इतकं कमी अंतर असलेल्या गाडीला सावरायला वेळच मिळत नाही. रंगावर नजर ठेवा: गडद म्हणजे ओल, फिकट आणि चकचकीत म्हणजे पाय जपा. बैलगाडा शर्यतींच्या भागातल्या माणसाला माती वाचणं वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त ते स्क्रीनवर करायचं आहे.

एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समोरची गाडी माती उडवते आणि हेल्मेटची काच माखत जाते. वरची पारदर्शक पट्टी ओढून काढायचं बटण कंट्रोल्समध्ये स्वतः नेमून घ्यावं लागतं, नाहीतर पाचव्या-सहाव्या फेरीला स्क्रीन तपकिरी होते आणि माणूस ग्राफिक्स कार्डाला दोष देतो. बटण अंगठ्याखाली हवं. पट्टी सरळ भागावर ओढा, वळणात बोट हलवू नका.

स्टीअरिंग कोणतं घ्यावं, हा प्रश्न सगळेच विचारतात. लॉजिटेक जी२९वर मिजेट चालते. फिरणं ९०० अंश, ताकद दोन न्यूटन-मीटरच्या किंचित वर. अडचण ताकदीची नाही, वेगाची आहे. आतले गिअर दातेरी असल्याने काउंटर देताना चाक हाताबाहेर पुरेसं झपाट्याने फिरत नाही. ढकलून न्यावं लागतं आणि तेवढ्यात गाडी अर्धी फिरलेली असते. मोझा आर५सारखं साडेपाच न्यूटन-मीटरचं डायरेक्ट ड्राइव्ह (चाक थेट मोटरला जोडलेलं) घेतलं तर पकड सैल करताच चाक स्वतःहून काउंटरकडे जातं, आपण फक्त योग्य जागी अडवायचं. मातीसाठी हा फरक डांबरापेक्षा जास्त जाणवतो. तरी सुरुवात जी२९वर करायला हरकत नाही. जी हब या लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरणं ९००वरच ठेवा, आयरेसिंगच्या कॅलिब्रेशनमध्ये चाक दोन्ही टोकांपर्यंत खरंखुरं फिरवा. प्रत्येक गाडीचं कमी-जास्त फिरणं सेवा आपोआप जुळवून घेते. तिथे हात घातला की सगळंच बिघडतं. दातेरी चाकाला मधोमध एक मेलेली जागा असते. त्यासाठी आयरेसिंगमधलं मिनिमम फोर्स हे सेटिंग शून्यापासून एकेक टक्क्याने वाढवत न्या आणि चाक मध्यावर थरथरू लागलं की दोन टक्के मागे या. ताकद किती ठेवायची ते ऑटो बटणावर सोडा, पण चार-पाच स्वच्छ फेऱ्या मारून झाल्यावरच ते दाबा. आपटाआपटी झाल्यावर दाबलं तर ते ताकद फार कमी धरतं.

जी२९च्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतात. सांगलीच्या उन्हाळ्यातल्या धुळीत त्यांत कचरा जातो आणि थ्रॉटल पट्टी पाय स्थिर असताना नाचू लागते. पायानेच वळणाऱ्या गाडीत हे घातक. पेडलचं खोकं उघडून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पेडल वीस-तीसदा दाबून-सोडून आत फिरू द्या आणि पूर्ण सुकल्यावर जोडा. साधं तेलकट स्प्रे मारू नका. ते आतला थर चिकट करतं आणि धूळ आणखी धरून ठेवतं.

बैठक, म्हणजे सीट, स्टीअरिंग आणि पेडल बसवायचा सांगाडा, स्थानिक बनवून घेणंच शहाणपणाचं. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा साताऱ्याच्या कुठल्याही बऱ्या फॅब्रिकेटरकडे ४० बाय ४०, दोन मिलिमीटर जाडीचा एमएस स्क्वेअर पाइप सांगा. मीटरला सुमारे २.४ किलो भरतो. वीस फुटी दोन लेंथ, म्हणजे साधारण २९ किलोत पुरेसा भक्कम सांगाडा होतो. दीड मिलिमीटरचा पाइप घेऊन पैसे वाचवू नका, डायरेक्ट ड्राइव्हखाली तो डुलतो आणि स्टीअरिंगमधले बारीक धक्के लोखंडातच जिरतात. स्टीअरिंगखाली सहा मिलिमीटरची प्लेट, आणि तिला गोल भोकांऐवजी लांबट स्लॉट मारून घ्या, म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल. प्लेटला आधी चारही कोपऱ्यांत टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायला सांगा, मगच पूर्ण वेल्डिंग. एका बाजूने सलग वेल्ड मारला की प्लेट ताणते आणि स्टीअरिंग कायमचं तिरकं बसतं. जी२९ला खालून एम६चे बोल्ट लागतात. प्लेटच्या जाडीच्या मानाने फार लांब बोल्ट आत घुसवू नका, आतलं प्लास्टिक फुटतं. सीट भंगार बाजारातलं जुन्या मारुतीचं चालतं, पण रेलसकट घ्या. मिजेटमध्ये ड्रायव्हर ताठ बसतो आणि स्टॉक कारमध्येही फार रेलत नाही, त्यामुळे पाठ जास्त मागे टाकून बसायची फॉर्म्युलाची पद्धत इथे नको. पावसाळ्याआधी रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट, नाहीतर पावडर कोटिंग.

स्क्रीनवरचा कोन, म्हणजे समोरचं दृश्य किती रुंद दिसावं, हे ठरवायला आयरेसिंगमध्येच गणितयंत्र आहे. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर कोन सुमारे ४४ अंश येतो, २७ इंचीला ४९. चित्र अरुंद वाटेल, बाजूच्या गाड्या दिसणार नाहीत, आणि पहिल्या दिवशी हा आकडा वाढवायचा मोह होईल. वाढवू नका. कोन खोटा असला की गाडी किती फिरली याचा अंदाज चुकतो, आणि मिजेटमध्ये सगळं त्या अंदाजावरच चालतं. मॉनिटर जवळ आणा, तोच खरा उपाय.

आपल्या भागाची अडचण दोन गोष्टींत आहे, अंतर आणि वीज. मातीच्या शर्यती भरतात त्या अमेरिकेतल्या संध्याकाळी. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. आपल्या संध्याकाळी मिजेटला पुरेसे खेळाडू जमत नाहीत आणि शर्यत अधिकृत होत नाही. सर्व्हर अमेरिकेतला असेल तर पिंग (सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या वर जाणारच. मिजेट ताशी १३० किलोमीटरने धावत असेल तर पाव सेकंदात ९ मीटर जाते. शेजारची गाडी आपल्याला दिसते ती अंदाजाने पुढे काढलेली. तिने अचानक ब्रेक मारला तर ते आपल्याला उशिरा कळतं. म्हणून कुणाच्याही मागे एक गाडीभर अंतर जास्त ठेवा, आणि आतून घुसताना समोरच्याने आपल्याला पाहिलंच असेल असं धरून चालू नका. वायफाय बंद, केबल थेट राउटरला. स्क्रीनवरच्या एल, क्यू, एस या तीन पट्ट्यांत क्यू (जोडणीचा दर्जा) डळमळत असेल तर दोष बहुधा लाइनचा, एल (सिग्नलचा विलंब) नुसती लांब पण स्थिर असेल तर काळजी नको.

वीज गेली की शर्यत गेली, आयरेटिंग हा कौशल्याचा आकडाही उतरतो. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे बहुधा इको आणि यूपीएस असा खटका असतो. तो यूपीएसवर करा, बदल इतका झपाट्याने होतो की संगणक बंद पडत नाही. संगणक, मॉनिटर आणि स्टीअरिंग मिळून चारशे वॉटच्या आसपास भार येतो, तो ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला झेपतो, पण फ्रीज आणि पंखे त्याच लाइनवर असतील तर हिशोब करा. राउटर आणि फायबरचा डबा त्याच इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका. जुन्या घरांत, वाड्यांत अर्थिंग कच्चं असतं. लोखंडी बैठकीला हात लावला की झिणझिण्या येतात आणि शर्यतीत स्टीअरिंगचं यूएसबी मध्येच सुटतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज तपासा; दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

स्टॉक कारचा भागही चांगला आहे, पण तिथे फार रेंगाळत नाही. २०२२पासूनच्या नव्या गाडीत व्ही८ इंजिन, सुरुवातीला बहुतेक ट्रॅकवर ६७० अश्वशक्ती, पाच गिअरचा सीक्वेन्शियल (क्रमानेच गिअर पडणारा) बॉक्स आणि १८ इंची चाकाला मधोमध एकच नट. मातीवरून येणाऱ्याला पहिले आठवडे जड जातात, कारण मागचा भाग सरकवून वळायची सवय इथे टायर जाळते. ब्रेक सरळ रेषेत, स्टीअरिंग एकदाच आणि हळू, थ्रॉटल गाडी सरळ होत जाईल तसा. पण टायर वीस-पंचवीस फेऱ्यांनी झिजतात आणि गाडी मागून सुटू लागते, तेव्हा डांबरावरच वाढलेले घाबरून वेग सोडतात आणि मातीवाला शांतपणे पायाने ती सांभाळतो. स्टुअर्टसारख्यांना लांब पल्ल्याच्या शर्यतीत याच गुणाचा उपयोग झाला असणार, हे इथे स्वतःच्या हातापायांना कळतं. या सेवेच्या पैशाचं चीज तिथे होतं.

पैशाचं म्हणाल तर सभासदत्व महिन्याला साधारण १३ डॉलर, वर्षाचं एकदम घेतलं तर ११०च्या आसपास; नव्या सभासदाला आणि नोव्हेंबरच्या सेलमध्ये चांगली सूट मिळते. बाकी गाड्या बाराएक डॉलर, ट्रॅक १२ ते १५. एकदम तीन किंवा जास्त वस्तू घेतल्या तर दर उतरतो. पहिला महिना एक रुपयाही वर खर्च करू नका. डी परवाना आल्यावर मिजेट, एल्डोरा आणि चिली बोल हे तीन एकत्र घ्या. चिली बोलचा पाव मैलाचा बंदिस्त ट्रॅक पायाची शिस्त लावतो, एल्डोरा धीर शिकवतो. बाकीचे मातीचे ट्रॅक मोसमाचं वेळापत्रक बघून. बारापैकी आठ आठवडे एखाद्या मालिकेत उतरलात तर थोडं क्रेडिट परत मिळतं. स्टॉक कारच्या मालिकेत मात्र जवळजवळ दर आठवड्याला नवा ट्रॅक लागतो आणि खर्च तिथेच फुगतो, तेव्हा तिकडे डीच्या वरचा मातीचा सी परवाना हातात आल्यावरच वळा. कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या, बँकेचा चलन-आकार धरा, आणि आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका: रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे असे व्यवहार पुष्कळदा नाकारले जातात. मुदत संपायच्या आठवडाभर आधी हाताने भरणा केलेला बरा.